खाडीची वाळू, मुक्काम धायरी

मी खाडीच्या तोंडाशी लोळणारी वाळू बोलतेय. हो, धायरीतून! समुद्र सोडून पुण्यात कशी आले, याचं मलाही नवल वाटतं.

मूळची मी सह्याद्रीची. डोंगर झिजला, ओढ्यांनी वाहून नेलं आणि मी कोकणात किनाऱ्याला लागले. लाटा, खेकडे, होड्या, सगळं मजेत चाललं होतं. मग खाडीच्या वरच्या अंगाला कारखाने आले, पाण्याला उग्र वास येऊ लागला. त्यातलं माझ्यात काय मुरलं, कोण जाणे.

तेच शोधायला पुण्याच्या कॉलेजात संशोधन करणारी श्रद्धा आली. धातूच मोजायचे, तर धातूचा स्पर्शसुद्धा नको, म्हणून तिने मला प्लॅस्टिकच्या चमच्याने पिशवीत भरलं. शिंपल्यातल्या तिसऱ्या विकणारी सत्यशीला जवळच होती.

"ताई, ह्याच वाळूतल्या तिसऱ्या माझी नात खाते. द्यायच्या की नाही, तेवढं सांगा," ती म्हणाली. श्रद्धाने शब्द दिला.

धायरीला तिच्या घरी मी निम्मी गच्चीत वाळत पडले, निम्मी बरणीत बंद. श्रद्धाचा भाऊ तेजस हिंजवडीला आयटीत. "अख्खं जग सॉफ्टवेअरमध्ये चाललंय आणि तू वाळू चाळतेस? सीरियसली?" असं तो रोज विचारायचा.

गच्चीतल्या वाळूचा निकाल आला. शिसं आणि तांबं भरमसाट! तिच्या दिगंबर सरांनी आकडे पाहून चष्मा काढला. "खाडीत भांड्यांचं दुकान बुडालंय का?"

श्रद्धा मात्र हादरली होती. घरी येऊन सत्यशीलाला फोन लावणार, तोच आई, यवतमाळच्या यमुनाबाई, मध्येच बोलल्या.

"इख, जहर हाय म्हणतं त्या वाळूत? मी तं तिची पूजा केली."

"कधी?"

"तू कॉलेजात गेली तवा. जन्मात समुद्र नाही पाह्यला मी. तो घरी आला, तं त्याले कुंकू नाही लावू का? ताम्हनात घेतली, मंग परत गच्चीत ठेवली."

श्रद्धाने कपाळावर हात मारला. ओली खारट वाळू, तांब्याचं ताम्हण, वर बाजारचं कुंकू! तांबं ताम्हणाचं, शिसं कुंकवातल्या रंगाचं; तो निकाल वाया गेला. मला मात्र यमुनाबाईंचा राग येत नाही. इतक्या मानाने मला कुणी हातात घेतलं नव्हतं.

आता बरणीतली मी तेवढी उरले आहे. पावसाळा लागलाय, दिवाळीपर्यंत किनाऱ्यावरून दुसरी वाळू यायची नाही. उद्या तपासणीसाठी मला आम्लात विरघळवतील. माझ्या पोटात काय आहे, याची उत्सुकता सगळ्यांत जास्त मलाच. पण ते कळेल तेव्हा मी नसेन. तुम्हाला कळलं, तर नातीच्या पानात तिसऱ्या वाढण्याआधी सत्यशीलाला सांगा.