दुप्पट वेगाचा श्वास

ऑफिसात सगळे त्यांना 'दुप्पटराव' म्हणत, आणि तेही अगदी तोंडावर! ग्राहकांच्या फोनची रेकॉर्डिंग ऐकायची आणि फोन घेणाऱ्या मुलींना मार्क द्यायचे, हे त्यांचं काम. दिवसाला साठ फोन. साध्या वेगाने ऐकत बसलं तर दिवस पुरला नसता, म्हणून दुप्पटराव सगळं दुप्पट वेगाने ऐकत. मुलगी पाच सेकंदांहून जास्त गप्प राहिली की दोन मार्क कापायचे, असा नियम. अठरा वर्षं हाच घाणा! खोलीला खिडकी नाही, कानांवरचे हेडफोन उतरत नाहीत, आणि एक फोन संपेपर्यंत पुढचे चार येऊन पडलेले.

बरं, हे ऑफिसपुरतं असतं तर चाललं असतं. पण ही सवय घरीही आली. बायको काही सांगायला लागली की हे हातानेच 'पुढे, पुढे' अशी खूण करत. ती जरा अडखळली की तिचं वाक्य हेच पुरं करून मोकळे होत. तुम्ही म्हणाल, काय हा माणूस! अहो, जेवताना मोबाइलवर बोट फिरवणारे आपण तरी कुठे मोठे शहाणे लागून गेलोय?

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रक्तदाबाने डोकं वर काढलं. त्यांच्या डॉक्टरबाई स्वतः अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, तरी रोज दोन जिने चढून दवाखान्यात येणाऱ्या. त्यांनी गोळ्या दिल्या आणि श्वासाचा एक व्यायाम स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून मोबाइलवर पाठवला.

"रोज सकाळी करायचा. चुकवायचा नाही," त्या म्हणाल्या. "रक्तदाब असाच राहिला तर तुमचं हृदय किती साथ देईल, हे मी सांगू शकत नाही."

महिना झाला तरी रक्तदाब उतरायचं नाव घेईना. उलट एका सकाळी व्यायाम करताकरताच दुप्पटरावांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते पलंगाच्या कडेवरून खाली कोसळले. बायकोने शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांना दवाखान्यात आणलं.

"व्यायाम करत होता ना?" डॉक्टरबाईंनी तपासून झाल्यावर विचारलं.

"एक दिवस चुकवला नाही, डॉक्टर. रोज दहा मिनिटं."

"दहा? मी तर वीस मिनिटांचा पाठवला होता!"

दुप्पटराव छताकडे बघू लागले. शेवटी बायकोच म्हणाली, "डॉक्टर, हे तो दुप्पट वेगाने लावतात."

डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, म्हणजे महिनाभर तुम्ही नुसत्या धापा टाकल्यात! दोन श्वासांच्या मध्ये मी 'थांबा' म्हटलंय, ते कुठे गेलं?"

दुप्पटरावांना स्वतःचंच हसू आलं. बायको मात्र हसली नाही. तिने पदराने डोळे टिपले. ते पाहून हे उगाच चिडले.

"थांबू कसा? मी थांबलो तरी फोन थांबत नाहीत! अडकलोय मी, कळतंय मला. बाहेर पडायची वाट आहे का तुमच्याकडे?"

"नोकरीतून सोडवणं माझ्या हातात नाही," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "पण पन्नास वर्षं पेशंट बघतेय. माझ्याकडे ऐंशीच्या पुढचे जे हसतखेळत येतात ना, त्यांच्याजवळ बोलायला माणूस असतो आणि त्या माणसासाठी सवड असते. रोज दहा मिनिटं वाचवलीत, त्यांचं काय केलंत?"

"आणखी दोन फोन ऐकले." आवाज खाली गेला.

"मग आजचं औषध ऐका. बाहेरच्या बाकावर दोघं बसा. ह्यांना बोलू द्या. तुम्ही मध्ये तोंड उघडायचं नाही."

दोघं बाकावर बसले. बायको म्हणाली, "मला ना..." आणि थांबली. दुप्पटरावांच्या जिभेवर 'घरी जायचंय ना, चल' तयारच होतं. त्यांनी ते गिळलं. आतून एका पेशंटला हाक आली, तो उठून गेला, दार बंद झालं. तरी ती गप्पच. जीव नुसता कासावीस झाला, पण ते बसून राहिले.

"मला भीती वाटते हो," ती म्हणाली. "रोज सकाळी तुम्ही आत व्यायाम करता, तेव्हा मी दाराबाहेर उभी राहून तुमचे श्वास मोजत असते. मध्येच श्वास बंद पडला तर, म्हणून. चारदा सांगायला आले. 'मला ना' म्हटलं की तुम्ही म्हणायचात, 'भाजी हवी ना, आणतो.'"

दुप्पटराव तिच्याकडे वळले. आपल्या घरात, आपल्याच दाराबाहेर, हे माणूस महिनाभर एकटं उभं होतं! त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"चुकलं माझं," ते कसेबसे म्हणाले. "तू बोल. आज मी कुठेही जात नाही."

मंडळी, साठ फोन दुसऱ्या दिवशीही होतेच, आणि ऑफिसच्या त्या खोलीला खिडकीही फुटली नाही. पण आता सकाळी दार उघडं असतं, आणि वीस मिनिटं दोघं शेजारी बसून श्वास घेतात. आयुष्य वाढावं असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. पण ते ज्यांच्यासोबत काढायचं, त्यांना घाईघाईत उरकून कसं चालेल? तुमच्याही दाराबाहेर कुणी उभं असेल. आजच त्याला आत बोलवा!