लग्नाचा कॅमेरा, मृगाचा तेजोमेघ

थांबा, हलू नका! हं, आता हसा थोडं. माफ करा, सवयच लागली आहे. मी कॅमेरा बोलतोय, उस्मानपुऱ्यातल्या हबीबच्या फोटो स्टुडिओतला.

माझा कारखाना कुठल्या देशात होता ते नीट आठवत नाही. कळायला लागलं तेव्हापासून मी हबीबच्या गळ्यात आहे आणि समोर कुणाचं ना कुणाचं लग्न. निकाह असो की सप्तपदी, मला बघितलं की माणसं पोट आत घेतात. नवरदेवाचे मामा प्रत्येक फोटोत घुसतात. नंतर हबीब संगणकावर सगळ्यांचे मुरुम, डाग पुसून चेहरे कसे गुळगुळीत करून देतो. गिऱ्हाईक खूश, आम्हीही खूश.

हबीबची थोरली बहीण जाहेदा गारखेड्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिनं आरसा स्वतः घासून दुर्बीण बनवली आणि एक दिवस मला मागणीच घातली. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो काढायचा होता. तिनं माझं भिंग उतरवून ठेवलं आणि मला तसंच दुर्बिणीला जोडलं. फार लाज वाटली, खोटं कशाला बोलू!

शहरात आभाळ पांढुरकं, म्हणून आम्ही पिशोरला नानासाहेबांच्या शेतावर गेलो. त्यांच्या लेकीचं लग्न मीच टिपलं होतं. तिथला काळोख असा दाट, की मला हबीबचं नाकसुद्धा दिसेना. पण नानासाहेबांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, चहा देता देता सांगून टाकलं, "पोरी, आता अंगणात मोठा दिवा बसवायचाय बघ. मक्यात बिबट्या हिंडतोय. रातभर उजेड पाहिजे."

जाहेदाचा चेहराच पडला. वर्षभर घासलेला आरसा, आणि तो नीट वापरता येईल अशी ही एकच जागा.

"काकू, आधी हे बघा तरी."

मनकर्णाबाईंनी दुर्बिणीला डोळा लावला. "चुलीचा धूर हाय नुसता. ह्याच्यासाठी आम्ही अंधारात मरायचं व्हय?"

"कॅमेऱ्याला आपल्यापेक्षा जास्त दिसतं. फोटो आणते, मग ठरवा."

"आण. तवर थांबते."

लग्नात पापणी लवायच्या आत मी फोटो काढून मोकळा होतो. इथं एकेका फोटोला मिनिटभर डोळा सताड उघडा! मोटर दुर्बिणीला ताऱ्यांमागं हळूहळू सरकवत होती, हबीब श्वास रोखून उभा होता. आणि त्या धुरात गुलाबी रंग उतरला. इतक्या नवऱ्या पाहिल्या, पण असा शालू कधी पाहिला नव्हता. मी हरखून गेलो.

पुढच्या आठवड्यात हबीबनं मोठा फोटो फ्रेम करून पिशोरला आणला. मनकर्णाबाईंनी तो उलटासुलटा फिरवून बघितला. "पडद्याचं कापड हाय का हे? लई गुळगुळीत."

जाहेदानं फ्रेम ओढून घेतली. "हबीब, तारे कुठं गेले?"

"कौन से तारे, आपा? सफेद दाग थे, मैं साफ कर दिया."

तिनं कपाळावर हात मारला. "अरे, त्या ढगात तारे जन्माला येतात! तू लेकरंच पुसून टाकलीस!"

मला ओरडावंसं वाटलं, पण आवाज कुठला? नशीब, कार्ड अजून माझ्याच पोटात होतं. हबीबनं ओशाळून माझ्या पाठीवरचा छोटा पडदा उजळला आणि मूळ फोटो मनकर्णाबाईंपुढं धरला. गुलाबी ढग, आणि मधोमध एकमेकांना बिलगलेले बारीक तारे.

बाईंनी एकेका ताऱ्यावर बोट ठेवलं. "ही लेकरं? आत्ता झालेली?"

"हो काकू. आभाळाच्या मानानं कालपरवाचीच."

मनकर्णाबाईंनी तिथूनच नवऱ्याला हाक मारली. "आवो, त्या दिव्याला बटन बसवा. ही पोरगी आली की बंद करायचा. बाळंतिणीच्या खोलीत एवढा उजेड करतं का कुणी?"

"आन् बिबट्या?" नानासाहेबांनी विचारलं.

"त्याला म्हणावं, सव्वा महिना दम धर."

आता लग्नांसाठी हबीबनं नवा कॅमेरा घेतलाय. मी कायमचा जाहेदाच्या दुर्बिणीशी जोडला गेलोय, आणि खरं सांगतो, सुखात आहे. तुम्हाला एकच विनंती. जेवणं उरकली की गच्चीवरचा जास्तीचा दिवा थोडा वेळ मालवत चला. वर बाळंतपणं चालू आहेत.