तीन हाका

"फक्त 'होय' म्हणायचं, एलोइसाबाई. गोष्ट सांगत बसायचं नाही," वकीलबाई नेल्डा ओचोआ म्हणाली. "पुन्हा विचारते. तुमचं नवऱ्याशी पटत नाही, हे खरं?"

"तो तव्यावर टॉर्टिया करपवायचा, त्यावरून भांडायचो खरं."

"होय म्हणा."

"होय."

"आणि पुन्हा एकत्र नांदण्याची काही आशा नाही?"

ऑफिसशेजारच्या टायरवाल्याचा हवेचा पंप सुरू झाला. तो बंद होईपर्यंत नेल्डाने समोरचे कागद नीट लावले.

"होय," एलोइसा म्हणाली.

नेल्डाने पुढचा कागद ओढला. नोटीस बजावल्याचा दाखला झाला होता. एकतर्फी निकालासाठी लागणारे, नवरा सैन्यात नाही हे प्रतिज्ञापत्रही झाले होते. "त्यांचा शेवटचा ठाऊक पत्ता?"

"माझ्या पलंगाची डावी बाजू."

"त्यांच्या भावाकडचा लिहिते," नेल्डा म्हणाली. तीही हसली नाही.

घटस्फोटाची ही कल्पना नवऱ्याची, कुकोचीच. कागदोपत्री तो रेफुहिओ साल्दान्या, पण त्या नावाने त्याला फक्त सरकार बोलवायचे. संत्र्यांच्या बागांना पाणी सोडायला कालव्याचे दरवाजे उघडायचे, हे त्याने जन्मभर केले. डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचे नाव सांगितले, त्याच आठवड्यात तो स्वतःच नेल्डासमोर येऊन बसला होता. लग्न मोडले तर त्याला सरकारी मदतीवर शुश्रूषागृहात राहता येणार होते आणि घर एलोइसाकडे राहणार होते. नाहीतर त्याच्या आजारपणाच्या खर्चात घर जाणार होते.

"नोटिशीला उत्तर दिलं नाही की हरतो ना माणूस?" त्याने विचारले होते. "मग मी उत्तर देत नाही. घर तिनं उभं केलंय, बाई. मी नुसत्या विटा उचलल्या."

मात्र कागदांना वेळ लागला, आणि आजार कागदांसाठी थांबला नाही. आता काही दिवस तो चांगला असे. काही दिवस आरशातल्या माणसाला नमस्कार करी.

"एक लक्षात ठेवा," निघताना नेल्डाने बजावले. "त्यांना कोर्टात आणू नका. ते हजर दिसले तर हे एकतर्फी राहणार नाही. आणि न्यायाधीशबाईंनी त्यांची अवस्था पाहिली, तर सगळं मुळापासून. तेवढे दिवस आपल्याकडे नाहीत."

सुनावणीच्या दिवशी त्याच्याजवळ थांबणार होती ती शेजारीण नेमकी आजारी पडली. ऑगस्टच्या उन्हात त्याला गाडीत कोंडून ठेवणे शक्य नव्हते. एलोइसाने त्याला कोर्टाच्या लांब ओसरीत, जिन्यासमोर, पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारच्या बाकावर बसवले. टोपी त्याच्या मांडीवर ठेवली.

"कुणीही हाक मारली तरी उठायचं नाही. कळलं?"

"म्हातारे, या वयात मला शाळेत घालतेस?" तो हसला. चांगला दिवस होता.

आत त्यांचा क्रमांक लागला. न्यायाधीशबाईंनी फाईल उघडली आणि बेलीफला म्हणाल्या, "प्रतिवादीला पुकारा."

हे नेल्डाने सांगितले नव्हते. जुनी रीत, बहुतेक न्यायालयांतून गेलेली, इथे मात्र चालू असलेली. बेलीफ दार अर्धे उघडे ठेवून बाहेर गेला.

"रेफुहिओ साल्दान्या."

फरशीवरून आवाज लांबवर गेला. एलोइसाने पर्सचा पट्टा मुठीत धरला. हाक आली की उठायचे, ही कुकोची हाडात मुरलेली सवय होती. जेवताना कालव्यावरून बोलावणे आले तर तो हातातला घास ठेवून निघायचा.

"रेफुहिओ साल्दान्या."

नेल्डा समोरच्या कागदावर उगाच काहीतरी शोधत होती.

"रेफुहिओ साल्दान्या."

बेलीफ परत आला. "कुणी नाही, मॅडम. बाकावर एक म्हातारबा आहेत. त्यांना विचारलं, तुम्हीच का ते. म्हणाले, मी नाही, आणि मी त्याला बघितलंही नाही."

नेल्डाने श्वास सोडला. शाबास, एलोइसा मनात म्हणाली, शाबास कुको. एवढे लक्षात ठेवलेस.

त्या बळावर तिने हात वर करून शपथ घेतली. पटत नाही? होय. पुन्हा एकत्र नांदण्याची आशा नाही? होय. टाकीत पाणी पडावे तसे प्रश्न एकापाठोपाठ आले आणि संपले. न्यायाधीशबाईंनी सही केली, शुभेच्छा दिल्या आणि पुढची फाईल घेतली.

कुको बाकावर तसाच बसला होता. ती त्याच्यासमोर वाकली.

"किती छान केलंस. चल, झालं."

त्याने वर पाहिले. मग मांडीवरची टोपी हातात घेऊन तो अदबीने बाजूला सरकला.

"बसा ना, बाई." तो हलक्या आवाजात म्हणाला, "मघाशी एका माणसाला पुकारत होते. तीनदा. आलाच नाही." त्याने बंद दाराकडे बोट दाखवले. "यायला पाहिजे होतं त्यानं. बायको आत एकटीच असेल हो."

नेल्डा हुकुमाची प्रत घेऊन बाहेर आली. त्या दोघांना पाहून ती नळापाशीच थांबली.

एलोइसा त्याने करून दिलेल्या जागेत बसली.

"येईल," ती म्हणाली.

"येईल, येईल," तो तिची समजूत घालत म्हणाला. "होतो उशीर कधीकधी."

आणि दोघेही जिन्याकडे बघत राहिले.