व्हीपीनं आलेली बाकरवडी

कस्तुराबाईच्या तोंडाची चव जाऊन दोन महिने झाले होते. घरात भाकरी व्हायची ती नवऱ्यापुरती, एकट्या आश्रुबापुरती. ती पेजेवर होती. एक दिवस पडल्या पडल्या म्हणाली, "पोरीच्या लग्नात पुण्याच्या पाव्हण्यांनी बाकरवडी आणली व्हती बघा. वाढता वाढता माझ्यापस्तोर आलीच न्हाई."

आश्रुबाने वर्तमानपत्रातली जाहिरात शोधली आणि पुण्याच्या कंपनीला कार्ड टाकलं. एकवीस दिवसांनी पोस्टमन मुंजाजी पैसे भरून सोडवायचं व्हीपीचं पार्सल घेऊन पेडगावात आला.

"आधी फोडून बघू दे की."

"आधी पैशे, मग पार्सल. बैल हाय का मामा, दात बघून घ्यायला?"

पैसे देऊन आश्रुबाने पुडा फोडला आणि वासानेच नाक मागे घेतलं. तेल खवट झालेलं, निम्म्या मालाचा चुरा. पण कस्तुराबाईने हात पुढे केला होता. एक तुकडा तिने बराच वेळ तोंडात धरला.

"कशी हाय?"

"चांगली हाय की. पुण्याची अशीच आसंल." मग म्हणाली, "गल्लीत वाटा. आपुनच खाऊ न्हाई."

बाहेरगावची वस्तू आली की आधी शेजारी द्यायची, ही तिची रीत. नको म्हणावं तर माल नासका आहे हे तिला सांगावं लागलं असतं. आश्रुबा खाली मान घालून घरोघरी वाटून आला.

नवव्या दिवशी ती गेली.

तेरावा झाल्यावर त्याने कंपनीला लिहिलं : माझ्या बायकोनं शेवटी तोंड उघडून मागितलं, आणि तुमी खवट माल दिला. चूक झाली, एवढं लिहून पाठवा.

उत्तर छापील आलं. पूर्ण एक किलो माल मूळ पुड्यात परत पाठवल्यासच तक्रारीचा विचार होईल.

गल्लीत वाटलेला माल आता कुठून आणायचा? तरी तो शेजारच्या कडूबाईकडे गेला.

"भावजी, शेळीला टाकली ती. शेळीनं बी तोंड फिरवलं." कडूबाईने डोक्यावरचा पदर ओढला. "तवाच सांगणार व्हते. पण कस्तुराअक्का दारातल्या बाजंवरून बघायलत्या, हसायलत्या. कसं सांगावं?"

घरात उरलेला पावशेर चुराच त्याने पाठवला. मग आणखी चार कार्डं टाकली. दर वेळी तेच : चूक झाली, एवढं लिहा.

दिवाळीनंतर मुंजाजी लांबूनच ओरडत आला. "मामा, जिंकलाव! मनीऑर्डर हाय पुण्याची!"

"खाली काय लिव्हलंय ते वाच."

मुंजाजीने वाचलं. "माल उत्तम दर्जाचा होता. केवळ ग्राहकाच्या समाधानासाठी रक्कम परत करीत आहोत."

"अजून एकदा वाच."

त्याने पुन्हा वाचलं आणि पेन पुढे केला. "करा सही."

"वापस कर."

"येडे झालाव का? चार महिने झाले लिहायलाव की ह्याच्यासाठी!"

"ह्याच्यासाठी न्हाई."

मुंजाजीने पेन मागे घेतला. पैसे पुन्हा पिशवीत गेले. फॉर्म मांडीवर ठेवून त्याने लिहिलं, 'घेण्यास नकार.'

"कंपनीचंच भलं केलंव, मामा," सायकलवर टांग टाकता टाकता तो म्हणाला. "पैशे वाचले त्यांचे."

आश्रुबाला ते ठाऊक होतं.