चिमाजींनी आणलेलं पान

यशश्रीने काचपट्टीच्या कडेला साखरेच्या दाट पाण्याचा थेंब सोडला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशीभोवतीचं मेदाचं तलम पटल रंगामुळे हिरवट चमकत होतं. बघता बघता ते पेशीच्या भिंतीपासून सुटलं, आक्रसून मध्ये गोळा झालं. भिंतीला धरून राहिले ते फक्त केसाहून बारीक तंतू. मेलेल्या पेशीला हे जमत नाही. मग तिने साधं पाणी सोडलं. पटल फुगत जाऊन पुन्हा भिंतीला टेकलं.

थंडीत द्राक्षाच्या पेशींचं हे पटल तग कसं धरतं, याचा ती नाशिक रोडच्या या प्रयोगशाळेत तीन वर्षं अभ्यास करत होती. पानं निफाडच्या चिमाजींच्या बागेतली. एरवी तीच जाऊन खुडून आणायची. आज मात्र चिमाजी आपणहून एक पान घेऊन आले होते; त्याचाच तुकडा आता काचपट्टीवर होता. स्टूल दिलं तरी बसले नव्हते.

“जित्तं हाय का, ताई?”

“हो काका. सकाळी तोडलंत ना?”

“नाय. मागल्या माघातलं हे.” त्यांनी टोपी काढून हातात धरली. “सुमन गेली तवा तिच्या मुठीत व्हतं. बोटं सोडवून काढलं. पोथीत ठेवलं व्हतं तवापासून.”

यशश्रीने पान उचललं. ते मऊ होतं. चिमाजींच्या बायकोला, सुमनबाईंना, जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हा यशश्री स्वतः भेटून आली होती चिमाजींना.

तिने पानाचा दुसरा तुकडा घेतला, नवी काच घेतली, रंग नव्याने कालवला. साखरेचं पाणी सोडलं. पटल आक्रसलं. साध्या पाण्याची बाटली अजून तिच्या हातातच होती, तोच ते आपसूक भिंतीकडे परत निघालं.

तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळा बाजूला घेतला.

“उद्या वर्षश्राद्ध हाय,” चिमाजी म्हणाले. “पोरं म्हणत्यात, आता सोडा बाबा. तुमी मेलं म्हनला असता, तर रामकुंडात सोडनार व्हतो.”

अजूनही ते मेलंय म्हणता आलं असतं. बघण्यात चूक झाली, एवढंच. तिने ओठ उघडले आणि तिची नजर त्यांच्या हातांवर गेली. त्यांनी उपरणं नळाखाली धरून ओलं केलं होतं, आणि पान त्यात अलगद गुंडाळत होते.

“याला पानी किती द्यायचं?”

“थोडंच,” यशश्री म्हणाली. “पण रोज.”