पिवळं विष

मुकुंदवाडीच्या आमच्या वृद्धाश्रमात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. व्हरांड्यातल्या टेबलावर काचेच्या बाटल्या मांडल्या होत्या आणि त्यांत आम्हा म्हाताऱ्यांची लघवी होती. पिवळीधमक! लोक हात जोडून तिचं दर्शन घेत होते.

"पाहा!" दर गुरुवारी भस्म वाटायला येणारे अमृतबाबा गरजले. "साठ-साठ वर्षांचं विष! माझ्या भस्मानं सात दिवसांत बाहेर! आता सुई बंद, गोळी बंद. भस्म आणि सुई एका देहात नांदत नाहीत!"

मी कालिंदी. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्या पिवळ्या रंगाचा मला संशय आला होता, तरी गप्प बसले आणि सगळ्यांसारखं भस्म खात राहिले. म्हातारीचं कोण ऐकतंय, अशी स्वतःची समजूत घातली.

माझ्या शेजारच्या खाटेवर आवडाबाई, सिल्लोडकडच्या. ऑपरेशनमध्ये त्यांच्या जठराचा मोठा भाग काढलेला. जेवणातलं बी-बारा जीवनसत्त्व अंगी लागत नव्हतं, म्हणून आश्रमाची नर्स मेघा दर महिन्याला इंजेक्शन द्यायची. व्यवस्थापक तात्यासाहेबांनी बाबांच्या शब्दावर ते बंद केलं.

"बाई, समदं इख भाईर पडतंय बगा," आवडाबाई हरखून सांगायच्या. "लई हलकं वाटतंय."

वर्ष होत आलं. त्यांच्या तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या. मग चप्पल पायातून निसटली तरी कळेना. मेघानं इंजेक्शनचा विषय काढला, तर तात्यासाहेब म्हणाले, "शेवटचं विष पायातून निघतंय. बाबांनी सांगितलंय."

एका सकाळी आवडाबाई न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

तेव्हा कुठं मला जाग आली. मी भस्म खाणं थांबवलं, पुडी हुंगून पाहिली. वास ओळखीचा होता, औषधाच्या गोळ्यांचा. मेघाला म्हटलं, ही तपासायला दे.

पुढच्या गुरुवारी मी बाबांसमोर माझी सकाळची बाटली ठेवली. लघवी फिकट, साधी. मग सगळ्यांदेखत औषधाच्या दुकानातल्या बी-कॉम्प्लेक्सच्या दोन गोळ्या गिळल्या. दोन-तीन तासांनी दुसरी बाटली आणली. पिवळीधमक.

"बाबा, हे कुणाचं विष?"

"हे... पूर्वजन्मीचं!" बाबा म्हणाले.

"नाही," मेघा पुढं झाली. "गोळीत बी-टू जीवनसत्त्व असतं. शरीराला नको तेवढं लघवीतून जातं, म्हणून हा रंग. पुडीचा अहवाल आलाय. राख, पिठीसाखर आणि याच कुटलेल्या गोळ्या. यातलं बी-बारा आवडाबाईंच्या कामाचं नव्हतं. त्यांना सुईच हवी होती. ती बंद झाली म्हणून पायांच्या नसा बधिर झाल्या."

बाबा मागच्या दारानं गेले, आणि गर्दीतल्या एकानं मला दटावलं, "बाई, श्रद्धेची अशी थट्टा करू नये."

इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. पण नसा वाळल्या होत्या, तळव्यांची जाण परतली नाही. आवडाबाई आता खाटेवरच असतात. सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी मला विचारलं,

"बाई, तुमाला ठावं व्हतं. मग आदी का नाय बोल्ल्या?"

"चुकले मी," मी म्हटलं.

म्हणून तुम्हाला सांगते. चालू औषध कुणी बंद करायला सांगितलं, तर आधी डॉक्टरला विचारा. चमत्कार दिसला, तर तो कसा घडला हे विचारा. आणि ज्याला कळतं, त्यानं त्याच दिवशी बोलावं.