धातुमहाराजांचं दिव्य जल

घोडेगावचा जनावरांचा बाजार ऐन भरात होता; पण बैलांपेक्षा जास्त गर्दी होती भगव्या तंबूपुढे. धातुमहाराजांनी एका पोराची लघवी ग्लासात घेतली, वर दिव्य जलाची धार सोडली, आणि बघता बघता ती दुधासारखी पांढरी झाली.

"बघा! ह्ये वीर्य! हाडातला मगज वितळून चाललाय! नवरी माघारी जाईल, वंश बुडंल! पन महाराजांचं चूर्न घेशील तर घोडा व्हशील, घोडा!"

पोराचा चेहरा उतरला. मागं उभ्या असलेल्या डॉक्टर प्रज्ञा साळवेंनी दात आवळले. असाच चेहरा त्यांनी परवा सोनईच्या आपल्या दवाखान्यात पाहिला होता. लग्न ठरलेला ओम पिकावरचं औषध प्यायला होता. नाकात नळी असताना तो एवढंच म्हणाला, "म्याडम, महाराज म्हनले, मी पुरुष ऱ्हायलो न्हाई."

गर्दी सारून त्या पुढं आल्या.

"बायांचं काम न्हाई हितं!" महाराज ओरडले.

"ही बाटली घ्या. घरच्या माणसाची लघवी आणलीय. तपासा."

महाराजांनी धार सोडली. बाटलीतली लघवी पांढरी झाली. "अरारा! जुना हस्तदोष! ह्या गड्याला पोर व्हनार न्हाई."

"हा गडी म्हणजे मी. माझी लघवी आहे ही. दोन लेकरं आहेत मला."

हशा उसळला. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून दुसरी बाटली काढली. "यांचं दिव्य जल म्हणजे ही चुन्याची निवळी. पानाला लावता तोच चुना, पाण्यात कालवून वरचं पाणी गाळून घेतलंय. कोण देतं लघवी?"

"माझी घ्या की!" बैल विकायला आलेले बन्सीबाबा टेम्पोमागं जाऊन आले. डॉक्टरांनी निवळी ओतताच आठ नातवंडांच्या त्या आजोबांची लघवीही पांढरी झाली.

"निरोगी लघवीत क्षार असतात. चुन्यानं ते पांढरे होतात. यात वीर्य नाही, रोग नाही, चमत्कार तर नाहीच. झोपेत वीर्य गेलं, हातानं काढलं, तरी कुणी नामर्द होत नाही!" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "एवढंच कुणी सांगितलं नाही, म्हणून एक पोरगा मरायला निघाला होता!"

महाराज तंबूच्या मागून सटकत होते. लोकांनी त्यांना धरून पोलिसांच्या ताब्यात दिलं.

गर्दीतून शाळेचे मुख्याध्यापक आबासाहेब खाली मान घालून पुढं आले. ओम त्यांचाच माजी विद्यार्थी. 'असले घाण विषय शाळेत नकोत,' म्हणून मुलांना शरीराची माहिती द्यायला आलेल्या डॉक्टरांना त्यांनीच दोनदा फाटकावरून परत पाठवलं होतं.

"मॅडम, सोमवारी या. मुलं हॉलमध्ये बसवतो. मुलींना मैदानावर पाठवू."

"शरीर मुलींनाही आहे, सर. आपण गप्प बसलो, म्हणून असल्यांचे तंबू भरले. मुलांना विचारू द्या, खरं ते सांगा. मग कुणी महाराज त्यांना भिववू शकणार नाही. मुली हॉलमध्येच बसतील." डॉक्टरांनी पिशवी उचलली. "आणि पहिल्या रांगेत तुम्ही."